पिंपातल्या ४१ स्लिंग: नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या शेडमधल्या नोंदी

७ एप्रिल २०२५, सोमवार

शुक्रवारी तीन टनांचा प्लेटचा गठ्ठा स्लिंगने, म्हणजे भार उचलायच्या तारेच्या दोरीने, उचलताना सहज विचारलं, "ही स्लिंग किती घेते?" फोरमन म्हणाले पाच टन. मी मनात तीन धरले होते. भाराला दोऱ्या बांधणारे आमचे खलाशी काका म्हणाले, "आजवर तं तुटली नाही, साहेब." तिघांची तीन उत्तरं, आणि गठ्ठा तोवर हवेत.

शेड आमची मध्यम आकाराची. टाक्या, फ्रेम, डक्ट बनवतो. १० टनांची एक ओव्हरहेड क्रेन आहे, लागली तर हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) भाड्याने. वायर रोपच्या सगळ्या स्लिंग एका ऑइलच्या रिकाम्या पिंपात कोंबलेल्या असतात. ज्याला जी हवी ती ओढून काढतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक मोठी टाकी ट्रेलरवर चढवायची आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ प्रमाणे वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी होते, तिची तारीखही जवळ आलीय. तोवर पिंप निस्तरायचं ठरलं. मालकांनी होकार दिला, बजेट विचारलं नाही. (हे नंतर नडलं.)

८ एप्रिल

पिंप आडवं करून सगळं बाहेर ओतलं. मोजल्या, ४१ निघाल्या. बिल्ला (नंबर आणि टन ठोकलेली पट्टी) वाचता येतो आणि सर्टिफिकेट फायलीत आहे अशा फक्त ९.

बघताक्षणी बाद केल्या त्या अशा. ५ स्लिंगचा डोळा (हुकात अडकवायचं टोकाचं वेटोळं) बुलडॉग क्लिप, म्हणजे यू-बोल्ट आणि खोगीर असलेला चिमटा, लावून शेडमध्येच केलेला होता. त्यातही तिघींत क्लिपचं खोगीर उलट्या बाजूला. खोगीर भार घेणाऱ्या दोरीवर बसायला हवं आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटीवर. उलटं लावलं की यू-बोल्ट भाराच्या दोरीलाच चिमटे काढतो. पण सुलटं असतं तरी या मी ठेवल्या नसत्या. क्लिपचे नट भाराखाली सैल होतात, आणि उचलायच्या स्लिंगचा डोळा फेरूलचा (दाबून बसवलेल्या धातूच्या नळीचा) किंवा हाताने विणलेलाच हवा.

३ स्लिंगना पीळ बसून कायमची मुरड पडलेली. ती ठोकून सरळ दिसली तरी आतल्या तारा मेलेल्याच असतात. एकीवर निळसर काळा डाग होता, दोन तारा वितळून एकमेकींना चिकटलेल्या. कुणीतरी जॉब स्लिंगवर लटकत असताना वेल्डिंग केलं आणि अर्थिंग नीट लावलं नव्हतं, म्हणजे करंट दोरीतून गेला. कोणी केलं ते कोणी सांगितलं नाही.

एका दिवसात ९ गेल्या. उरल्या ३२.

९ एप्रिल

आजचा दिवस माझ्या खात्यावर लिहा.

व्हर्निअर घेऊन व्यास मोजत बसलो. मूळ मापाच्या १० टक्के बारीक झाली की दोरी बाद, म्हणजे १६ मिमीची दोरी १४.४ च्या खाली गेली की संपली. ६ स्लिंग १४.३, १४.२ अशा लागल्या. बाद स्लिंग पिंपात परत जाऊ नये म्हणून लगेच गॅस कटरने कापायची असा नियम मीच सकाळी केला होता. हेल्परने दोन कापल्याही.

तेवढ्यात काका आले. माझ्या हातातलं व्हर्निअर दोरीभोवती जरासं फिरवलं आणि म्हणाले, "आता पाहा." १५.७.

दोरीला सहा पेड (तारा वळून केलेले पीळ) असतात. व्हर्निअरचा जबडा समोरासमोरच्या दोन पेडांच्या माथ्यावर टेकला तर खरा व्यास मिळतो. मी जबडा सपाट बाजूंवर, म्हणजे दोन-दोन पेडांवर, धरत होतो. तसं धरलं तर नव्या कोऱ्या १६ च्या दोरीचंही माप १४.६ च्या आसपास येतं. त्यात थोडी झीज मिळाली की मी बाद म्हणून मोकळा. आता रीत अशी: माथ्यावर धरायचं, एकाच जागी काटकोनात दोनदा मोजायचं, मग मीटरभर पुढे जाऊन परत दोनदा.

उरलेल्या चारही चांगल्या निघाल्या. कापलेल्या दोनही चांगल्याच होत्या, आणि त्यातली एक सर्टिफिकेटवाली. नव्या भावाने सुमारे तीन हजारांचं नुकसान. हेल्पर म्हणाला, "दादा, मी तं तुमी सांगतलं म्हून कापली." बरोबर आहे त्याचं.

११ एप्रिल

तुटलेल्या तारा मोजण्याचं काम. आधी दोरी पुसून घ्यायची. इथे दुसरी चूक: हेल्परने वेळ वाचावा म्हणून आठ स्लिंग डिझेलच्या टबात बुडवून ठेवल्या. ज्यांच्या गाभ्यात सुतळी असते त्यांचं आतलं तेल त्याने निघून जातं, आणि दोरी बाहेरून चकचकीत नि आतून कोरडी होते. काढल्या, उन्हात निथळायला टाकल्या, ब्रशने नवं वायर रोप ग्रीस चोळलं. अर्धा दिवस गेला. ब्रश आणि कोरडं फडकं, एवढ्यावर भागवा.

मोजायची पद्धत: हातमोजे घालून सुती चिंधी दोरीवर सैल गुंडाळायची आणि हळू सरकवत न्यायची. तुटलेली तार चिंधीचा धागा पकडते. तिथे खडूने खूण करायची, मग दोरी जराशी वाकवायची. दबून बसलेलं टोक सुईसारखं वर येतं. नुसत्या हाताने हे करू नका, माझ्या अंगठ्यात अजून एक टोक आहे.

हिशेब मी हा धरला: व्यासाच्या ६ पट लांबीत ६ तारा तुटलेल्या, किंवा ३० पट लांबीत १४, किंवा एकाच पेडात शेजारी-शेजारी ३ तारा तुटलेल्या असतील तर बाद. १६ च्या दोरीसाठी म्हणजे ९६ मिमी आणि ४८० मिमी. लोखंडी पट्टीचे या दोन मापांचे तुकडे कापून दिले, कोणाला गुणाकार करायला नको.

८ बाद झाल्या, त्यात एक सर्टिफिकेटवाली. बहुतेक सगळ्या डोळ्याच्या जवळ, फेरूल संपतो तिथेच गेलेल्या. मधली दोरी नवीसारखी आणि मानेपाशी काटेच काटे. म्हणजे आम्ही इतके दिवस बघत होतो ती जागाच चुकीची.

४१ मधल्या आता २२ उरल्या. सर्टिफिकेट असलेल्या ७, नसलेल्या १५.

१६ एप्रिल

या १५ चं काय करायचं यावर दोन दिवस गेले. दोरी डोळ्याला चांगली आहे, व्यास बरोबर आहे, पण तारेची ग्रेड कोणती आणि गाभा पोलादी की सुतळीचा, याचा कागद नाही. कागदाशिवाय भाराचा आकडा लिहिणं म्हणजे अंदाज. फोरमन म्हणाले सगळ्या टेस्टिंगला पाठवू. टेस्टचा दर ९०० रुपये प्रति नग, आणि लहान स्लिंग नवीच चौदाशे-पंधराशेला येते. मोठ्या मापाच्या ५ पाठवल्या, १० कापल्या. काकांना वाईट वाटलं. "चांगल्या हायेत हो," असं चार वेळा म्हणाले. असतीलही.

२२ एप्रिल

भिंतीवर लावायचा तक्ता तयार करायला बसलो. हिशेब इथे देतो, कारण मला तो जुळवायला बराच वेळ लागला.

६×३६ बांधणीची (सहा पेड, प्रत्येकात ३६ तारा), पोलादी गाभ्याची, १७७० ग्रेडची (तारेची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिमी) दोरी. मिमीतल्या व्यासाचा वर्ग गुणिले ०.३५६ गुणिले १७७०, भागिले १०००. उत्तर किलोन्यूटनमध्ये येतं. १६ मिमीला १६१ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १६.४ टनांना दोरी तुटते. फेरूलचा डोळा असल्याने त्यातले ९० टक्के धरायचे, आणि सुरक्षेसाठी ५ ने भागायचं. उत्तर २.९५ टन. आम्ही २.९ लिहिलं. तसंच १२ मिमीला १.६, २० मिमीला ४.६, २४ मिमीला ६.६. सुतळीचा गाभा असेल तर १६ ला २.७. हे सगळं एक लेग (हुकापासून भारापर्यंतची एक दोरी), सरळ उभी, नवी दोरी असेल तर. दोरी भाराभोवती फास करून लावली की यातले ८० टक्केच.

काका तक्ता बघून हसले. त्यांचा हिशेब: दोरी किती सुताची ते बघ, त्याचा वर्ग कर, आठने भाग. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर १६ ची दोरी म्हणजे पाच सूत. पाचा पाचा पंचवीस, भागिले आठ, ३.१ टन. मी कॅल्क्युलेटर घेऊन अर्धा तास घालवला होता आणि काका चहा ढवळत तिथे पोचले. थोडा फरक का, ते नंतर लक्षात आलं. हा मूळचा अमेरिकी आडाखा आहे, इंचातल्या व्यासाचा वर्ग गुणिले आठ. तिकडचा टन ९०७ किलोचा. त्या टनाने ३.१ म्हणजे आपले २.८. पण काका टन म्हणतात तेव्हा हजार किलोच म्हणतात, त्यामुळे त्यांचा आकडा थोडा वर बसतो. त्यांना सांगितलं. "बरं, मंग नवानं भागतो," म्हणाले. २५ भागिले ९, २.८. आता ते नवानेच भागतात.

२ मे

काल महाराष्ट्र दिनाची सुट्टी. आज तक्ता लावला. खाली दोन लेगच्या स्लिंगसाठी कोनाचा रकानाही केला: ४५ अंशांपर्यंत एका लेगच्या १.४ पट, ४५ ते ६० अंश असेल तर फक्त १ पट. सोबत बिल्ले. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर नंबर आणि टन ठोकले, बाइंडिंग वायरने बांधले. कोणती स्लिंग किती टनांची हे लांबून कळावं म्हणून डोळ्यांना स्प्रे पेंटही मारला. दिसायला झकास.

९ मे

झकास सगळं उतरलं.

बाइंडिंग वायरचे तीन बिल्ले गळून पडले. आता डोळ्यातून छोटी गोल कडी ओवून बिल्ला तिच्यात. खर्च नगाला २० रुपये. पेंट तर मूर्खपणाच होता. रंग पेडांच्या खाचांत भरतो आणि नेमकी जिथे तार तुटते ती मान झाकून टाकतो. वायर ब्रशने काढायला एक माणूस, दीड दिवस. रंग आता फक्त बिल्ल्यावर.

पण खरी चूक तक्त्यात होती, आणि ती मला एका लिफ्टनंतर कळली. प्रेसची फ्रेम, वजन ४ टन. १६ च्या दोन लेग. २.९५ ची १.४ पट म्हणजे ४.१, बसतं. पोरांनी लाकडी गुण्या लावून कोन मोजला, ३० अंश आला. तक्त्यात ४५ च्या आत, म्हणून उचललं. मी पोचलो तेव्हा फ्रेम खाली आली होती, पण स्लिंग अजून ताणलेल्या. बघूनच पोटात गोळा आला. दोन लेग जवळजवळ आडव्या पसरलेल्या, हुक फ्रेमच्या जेमतेम मीटरभर वर.

तक्त्यातला कोन उभ्या ओळंब्यापासूनचा. पोरांनी मोजला तो फ्रेमच्या पाठीपासूनचा. जमिनीपासून ३० म्हणजे ओळंब्यापासून ६०, आणि तिथे प्रत्येक लेगवर पूर्ण ४ टन येतात. २.९५ च्या स्लिंगवर ४. पाचपट सुरक्षा धरलेली म्हणून निभावलं, पण त्या क्षणी ती पाचपट राहिली नव्हती, ३.७ पट होती. त्यांची चूक नाही. कोन कुठून मोजायचा हे मी लिहिलंच नव्हतं, आणि गुण्या हातात असलेला माणूस समोरच्या सपाट पृष्ठावरच ठेवणार. त्या दोन्ही लेग वापरातून काढल्या, चिंधी लावून पाहिल्या, काही निघालं नाही, तरी टेस्टिंगच्या गठ्ठ्यात टाकल्या.

१३ मे

तक्त्यातले अंश पुसले. एकही ठेवला नाही.

आता भिंतीवर चित्र आहे आणि एक ओळ: "दोन कड्यांमधलं अंतर एका लेगच्या लांबीपेक्षा जास्त नको." कड्या म्हणजे जॉबवर जिथे लेग अडकतात त्या. दोन मीटरची लेग असेल तर दोन कड्या दोन मीटरच्या आत. तेवढ्यावर त्रिकोण समभुज होतो, लेग ओळंब्यापासून ३० अंशांवर असते, आणि हिशेबाने १.७३ पट मिळतात. तक्त्यात आम्ही १.४ च ठेवलंय. अंतर मोजायला टेप पुरतो, नाहीतर स्लिंगचीच एक लेग जॉबवर आडवी पसरून बघायची. ९ तारखेच्या फ्रेमवर हे केलं असतं तर कड्यांमधलं अंतर ३.४५ मीटर आणि लेग २ मीटर, पोरांनीच नाही म्हटलं असतं. अंतर जास्त असेल तर लांब स्लिंग घ्या, नाहीतर स्प्रेडर बीम (हुकाखाली लावायचा आडवा दांडा, त्याने लेग फाकत नाहीत). चार लेग असतील तर कर्णाचं अंतर मोजा.

काकांचं मत: "हे आधीच लेहाचं ना साहेब."

२० मे

टेस्टिंगचा रिपोर्ट आला. ५ जुन्या मोठ्या पास, फ्रेमच्या दोन्ही लेगही पास. त्या दोघींचे बिल्ले मात्र नवे ठोकले, रजिस्टरात ९ मेची नोंद लाल पेनाने.

शेडमध्ये दुपारी उभं राहवत नाही. दोरीवरचं ग्रीस पातळ होऊन टपकतंय. सकाळी सहा ते अकरा असं काम लावलं. जुन्या अँगलचा स्टँड केला, खुंट्यांवर मापाप्रमाणे स्लिंग. पिंप भंगारात काढलं, नाहीतर महिन्याभरात सगळं परत त्यात गेलं असतं.

२६ मे

कालपासून नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला. आणि आजच नवा माल आला.

टाकीचं वजन मी असं काढलं: व्यास २.४ मीटर, लांबी ६ मीटर, १० मिमी प्लेट. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीची प्लेट ७.८५ किलोची, म्हणजे १० मिमीला ७८.५. शेल (गोल अंग) साडेतीन टन, दोन डिश (टोकांची झाकणं) मिळून जवळपास एक, सॅडल (खालच्या बैठका), नोझल (पाइप जोडायची तोंडं), पट्ट्या धरून ५.८ टन. टाकीला चार लग (उचलायच्या कड्या). फोरमन म्हणाले १६ च्या चार लेग पुरतील, ते चार लेगचे २.१ पट धरतात. तसे ६.२ येतात. मी म्हटलं टाकी रबराची नाही. कडक जॉबवर चार लेग कधीच सारख्या ताणल्या जात नाहीत, मी दोनच भार घेतील असं धरणार. २० मिमीच्या दोन लेग, ४.६ ची १.४ पट, ६.४ टन. बसतं. म्हणून तीन मीटर लेगचा २० चा चार लेगचा सेट मागवला, २१,५०० अधिक जीएसटी.

आलेल्या सेटची लेग जरा वाकवून पेडांच्या फटीत पाहिलं तर आत तपकिरी सुतळी. ऑर्डरमध्ये पोलादी गाभा लिहिला होता. सर्टिफिकेट पाहिलं, त्यावर पोलादी गाभाच, पण नंबर बिल्ल्यावरच्या नंबराशी जुळत नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, "एकच असते हो भाऊ." एक नसते. २० ला सुतळीचा गाभा असेल तर ४.२, त्याची १.४ पट ५.९, म्हणजे टाकीशी घासूनच. माल परत. (पुढचं नंतर लिहिलंय.) इतवारीतल्या लोहा ओळीत दोन फेऱ्या, भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून. दुसरीकडून घेतला, नंबर जुळवूनच पैसे दिले. सहा दिवस गेले.

३ जून

टाकी तयार. हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) शनिवारी झाली होती, पाणी सोडलं असं नोंदवहीत लिहिलेलं. काका टाकीभोवती फिरत होते, हातात स्पॅनर. वरपासून खालपर्यंत ठोकत आले. टण, टण, टण, आणि अगदी तळाशी ठप्प. "साहेब, पाणी हाय अजून."

मॅनहोलमधून पट्टी टाकली. मधोमध १५ सेंटीमीटर. ड्रेनचं नोझल टाकीच्या एका टोकाला आहे आणि सॅडल त्या बाजूला किंचित उंच बसलेलं, त्यामुळे शेवटचं पाणी तिथवर जातच नव्हतं. एवढंसं दिसतं, पण या व्यासाला ६ मीटर लांबीत ते ७०० किलोच्या आसपास भरतं. ५.८ चे ६.५ झाले असते, आणि माझे ६.४ तिथेच संपले असते. शिवाय उचलताना पाणी एका टोकाला धावलं असतं ते वेगळंच. उलट्या टोकाला जॅक लावून टाकी कलती केली, दोन तासांनी कोरडी. हेल्परने त्यातलं पाणी ऑफिसच्या कूलरमध्ये भरलं. दिवसभर सगळ्यांना गंजाचा वास.

६ जून, शुक्रवार

सकाळी सात. लगचं कर्णाचं अंतर २.८५ मीटर, लेग ३ मीटर. टेप काकांनी धरला. शॅकलच्या (लेग लगला जोडणाऱ्या यू आकाराच्या कडीच्या) पिना पूर्ण बसल्यात का ते मी स्वतः पाहिलं. वीतभर उचलून थांबवलं. काकांनी लांबून बांबूने एकेक लेग ढोसली. दोन दगडासारख्या, तिसरी जरा हलली, चौथी चक्क लोंबत होती. फोरमनना बोलावून दाखवली. ते काही बोलले नाहीत, बांबू घेऊन स्वतः एकदा ढोसून बघितली.

सव्वाआठला टाकी ट्रेलरवर. तर्री पोहे मागवले, मालकांच्या खात्यावर.

एकूण खर्च: चार लेगचा सेट जीएसटीसह २५,३७०. १६ मिमीच्या ६ नव्या स्लिंग १०,२६६. टेस्टिंग ७ नग, ६,३००. बिल्ले आणि कड्या १,१५०. कापलेली दोरी भंगारात गेली त्याचे ३,१२० परत आले. मजुरी मोजली नाही. वाया गेलेले दिवस माझ्या वहीत ११ भरतात, त्यातले निदान चार निव्वळ माझ्यामुळे.

राहिलेलं काम: दोन हुकांच्या जिभा (स्लिंग निसटू नये म्हणून असलेल्या पट्ट्या) तुटक्या आहेत, त्या बदलायच्या. स्टँडच्या सात नंबरच्या खुंटीवर आज संध्याकाळी स्लिंग नव्हती. ती टाकीबरोबर ट्रेलरवरच गेली की काय, उद्या ड्रायव्हरला फोन करतो.